दमट कोकणात कोरडे डोळे: एसीच्या खोलीत बसणाऱ्यांसाठी डोळ्यांचे थेंब वापरण्याची रीत

बँकेच्या किंवा पतपेढीच्या मागच्या भिंतीकडे बघा. एसीची नळी बाहेर आलेली असते, तिच्यातून दिवसभर पाणी ठिबकत असतं आणि खाली ठेवलेली बादली दुपारपर्यंत भरत येते. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, कुठेही हेच दिसेल. ते पाणी आतल्या हवेतून निघालेलं असतं. बाहेर पापड उघडा राहिला तर संध्याकाळी मऊ पडतो, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून आठ तास थंड, कोरडी हवा वाहत असते. "आपल्याकडे एवढा दमटपणा, मग डोळे कोरडे कसे पडतील?" असं बरेच जण विचारतात. डोळ्यांना गावाच्या हवेपेक्षा खोलीतली हवा जास्त लागते, हे त्याचं उत्तर.

कोकणात अशा जागा ठरलेल्या आहेत. एसीचं कार्यालय, मोबाइलचं दुकान, दवाखान्याचा काउंटर, मासळी प्रक्रिया कारखान्यातली थंड खोली. मडगाव-मुंबई वंदे भारतसारखी बंद खिडक्यांची गाडी, जिचा प्रवास पावसाळी वेळापत्रक लागलं की आणखी लांबतो. एसी नसलेल्या घरातही एप्रिल-मेमध्ये रात्रभर तोंडावर चालणारा पंखा हेच काम करतो. झोपेत ज्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, त्यांना तर पहाटे डोळे उघडवत नाहीत. थंडीतल्या सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वाराही खाऱ्या वाऱ्यापेक्षा कोरडा असतो. त्यात पलंगाखालची मच्छर अगरबत्ती, चुलीचा धूर, काजू भाजतानाचा धूर यांची भर पडते.

डोळ्यांत नेमकं काय बिघडतं

डोळ्यावरचा ओलावा तीन गोष्टींचा बनलेला असतो. सर्वांत खाली ओलाव्याला बुबुळावर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, त्यावर पाणी, आणि वर तेलाचा अतिशय पातळ थर. लोणच्याच्या बरणीत वर तेल उभं असेल तर खालचा खार टिकतो, तसंच इथेही तेल पाण्याला उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या काठावरच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि प्रत्येक वेळी पापणी मिटली की डोळ्यावर पसरतं. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. संगणक किंवा मोबाइल बघताना हा आकडा निम्म्याच्या खाली जातो, आणि पापणी मिटली तरी अर्धीच मिटते. थर पसरायच्या आधीच सुकतो आणि बुबुळ उघडं पडतं.

मग डोळे चुरचुरतात, कुसळ गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी लाल होतात, जड वाटतात. अक्षरं धूसर होतात आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. ही खूण लक्षात ठेवा, कोरड्या डोळ्यांची ती चांगली ओळख आहे.

नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत डोळ्यांतून येणाऱ्या पाण्यामुळे होते. बुबुळ सुकलं की त्याला टोचतं, आणि डोळा घाबरून एकदम भरपूर पाणी सोडतो. या पाण्यात तेल आणि चिकटपणा कमी असल्यामुळे ते टिकत नाही, गालावर ओघळून जातं आणि डोळा पुन्हा कोरडा. माणूस म्हणतो, माझे डोळे तर गळताहेत, मला ओलाव्याचे थेंब कशाला? अशा डोळ्यांना तेच थेंब लागतात.

काहींना हा त्रास लवकर होतो. पन्नाशी ओलांडलेले, पाळी थांबलेल्या स्त्रिया, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे, मधुमेह, थायरॉइड किंवा संधिवात असलेले, लेसर करून चष्म्याचा नंबर घालवलेले. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. अशी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा.

मेडिकलमध्ये काय मागायचं

"डोळ्यांचे ड्रॉप द्या" एवढंच सांगितलं तर काउंटरवरून काहीही येऊ शकतं. "कोरड्या डोळ्यांसाठी लुब्रिकंट ड्रॉप" असं म्हणा, आणि बाटली हातात आली की नावापेक्षा खालची बारीक अक्षरं वाचा. सुरुवातीला सर्वांत सोपा पर्याय म्हणजे कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, ज्याला दुकानदार सीएमसी म्हणतात. हायप्रोमेलोज ०.३ टक्के, सोडियम हायलुरोनेट ०.१ टक्के, किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण हेही याच कामाचे. जेनेरिक चालतं; जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथे सीएमसीची चौकशी करा.

सीएमसी १ टक्का किंवा जेल घट्ट असतं. ते डोळ्यात जास्त वेळ टिकतं, पण घातल्यावर काही मिनिटं धूसर दिसतं, म्हणून ते रात्रीसाठी. मलम तर झोपण्यापूर्वीच. जेल घालून लगेच स्कूटर काढून घाटाला लागू नका.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे संरक्षक द्रव्य. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यातलं जुनं आणि सर्वांत कडक. वारंवार घातलं तर तेच बुबुळाच्या वरच्या पेशींना त्रास देतं आणि तेलाचा थर विस्कटतं. त्यामानाने सौम्य संरक्षकं असलेल्या बाटल्याही मिळतात. ठोकळ नियम असा: दिवसातून चार वेळांपर्यंत संरक्षक असलेली बाटली बहुतेकांना चालते. त्याहून जास्त वेळा लागत असेल, डोळे आधीच नाजूक असतील किंवा काचबिंदूचे थेंब रोज चालू असतील, तर संरक्षकविरहित घ्या. ते छोट्या प्लास्टिकच्या एकेरी कुप्यांत मिळतात किंवा झडपेच्या खास बाटलीत. एकेरी कुपी उघडली की पाकिटावर लिहिलेल्या वेळेत संपवायची, उरलेलं फेकून द्यायचं. "अजून चार थेंब आहेत" म्हणून ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवणं धोक्याचं, कारण तिच्यात जंतू रोखणारं काहीच नसतं. हा धोका नुसता कागदावरचा नाही. २०२३ साली अमेरिकेत संरक्षकविरहित थेंबांच्या एका दूषित उत्पादनातून सूडोमोनस जातीचा, औषधांना दाद न देणारा जंतू पसरला. काहींची दृष्टी गेली, काही जण दगावले. तिथे दोष कारखान्यातला होता, पण जंतू थेंबांत शिरला तर काय होतं हे त्यातून कळतं. म्हणून सील तुटलेली, गढूळ दिसणारी किंवा आत तंतू तरंगणारी बाटली परत करा.

आता काय घेऊ नये ते. लाली घालवणारे थेंब म्हणून जे मिळतात त्यांत नॅफाझोलिन किंवा टेट्राहायड्रोझोलिन असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतात, डोळा तासाभरात पांढराशुभ्र होतो, आणि असर उतरला की आधीपेक्षा जास्त लाल. पुन्हा थेंब, पुन्हा लाली, असं चक्र सुरू होतं. कोरडेपणावर त्यांचा काही उपयोग नाही.

त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइडचे थेंब. शेजाऱ्याचे डोळे आले होते, त्याची बाटली उरली होती, ती आपण घातली आणि दोन दिवसांत बरं वाटलं: असं घराघरांत होतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लेबलवर असेल तर बाटली खाली ठेवा. बऱ्याचदा ते अँटिबायोटिकबरोबर मिसळलेलं असतं, म्हणून पहिलंच नाव वाचून थांबू नका. स्टिरॉइडने आराम पडतो हे खरं, आणि म्हणूनच माणूस ते महिनोन्‌महिने घालत राहतो. तोवर आत डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दिलं असेल तर सांगितलेले दिवसच घाला.

मध, गुलाबपाणी, एरंडेल, तूप, आईचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. ही निर्जंतुक नसतात, आणि डोळ्यात पोटासारखं आम्ल नाही जे जंतूंना मारून टाकेल.

नवी बाटली उघडताना

इथे पहिली चूक होते. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांच्या नोझलला भोक नसतं. झाकणाच्या आत खिळ्यासारखं टोक असतं. आधी झाकणाखालची प्लास्टिकची कडी असेल तर ती काढा, मग झाकण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने शेवटपर्यंत आवळा. टोक नोझलमध्ये घुसून नेमकं भोक पडतं. मग उलट फिरवून उघडा. ब्लेडने टोक कापू नका, टाचणी तापवून भोसकू नका. भोक मोठं झालं की थेंबाऐवजी धार पडते, बाटली आठवड्यात संपते आणि प्लास्टिकचे कण डोळ्यात जातात.

उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहा, खोक्यावर नको. खोकं दोन दिवसांत हरवतं. पावसाळ्यात पेनाची शाई दमटपणाने पुसते, म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. साधी बाटली उघडल्यापासून २८ दिवसांनी, म्हणजे सोयीसाठी महिन्याने, टाकायची, मग आत थेंब उरलेले असोत वा नसोत. छापील मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते. झडपेच्या बाटल्यांचा काळ वेगळा असतो, तो त्यांच्याच लेबलवर बघा.

यातून एक सोपा हिशोब निघतो. १० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण २०० ते ३०० थेंब असतात. दोन्ही डोळे, दिवसातून चार वेळा, म्हणजे रोज ८ थेंब. बाटली महिनाभर जायला हवी. दहा दिवसांत संपत असेल तर निम्म्याहून जास्त औषध गालावर जातंय. दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकताहेत, आणि शिवाय मुदत उलटलेलं औषध चालू आहे.

थेंब घालताना

हात. साबणाने २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि स्वच्छ फडक्याला किंवा हवेवर कोरडे. कोकणातल्या हातांबद्दल इथे जरा जास्त सांगायला हवं. आंब्याच्या देठाचा चीक कातडी भाजतो. काजूच्या टरफलातलं तेल तर फोड आणतं. पेट्या भरून किंवा बिया फोडून आलेल्या हाताला ते चिकटलेलं असतं आणि एकदा साबण लावून जात नाही. आधी खोबरेल चोळा, मग साबणाने दोनदा धुवा. मिरची कुटली असेल, मासळी साफ केली असेल तरी हेच. चीक किंवा काजूचं तेल डोळ्यात गेलंच तर हे थेंब उपयोगाचे नाहीत. स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटं डोळा धुऊन थेट दवाखाना गाठा.

बाटली. नाव मोठ्याने वाचा. कानाचे थेंब, झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची बाटली आणि डोळ्यांचे थेंब एकाच खणात, एकाच आकारात असतात, आणि चष्मा काढलेला माणूस नेमका चुकतो. झाकण काढून टेबलावर ठेवताना त्याचं तोंड आडवं ठेवा, आतली बाजू कशालाही टेकू देऊ नका. घट्ट द्रवाची बाटली असेल तर लेबलवर सांगितल्याप्रमाणे हलवा.

बसण्याची जागा. खुर्चीत बसून मान मागे टाका किंवा सरळ उताणे व्हा. पंखा बंद करा. चालू पंख्याखाली थेंब वाकडा पडतो आणि पापणी आपोआप मिटते. उभ्याने, आरशात बघत थेंब घालायला पहिल्या दिवशी जाऊ नका.

खिसा. एका हाताच्या तर्जनीने खालची पापणी हलकेच खाली ओढा. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये लालसर खिसा तयार होतो. थेंब तिथेच पडला पाहिजे. थेट बुबुळावर पाडायला गेलात तर बुबुळ दचकतं, पापणी झडप घालते आणि थेंब बाहेर.

थेंब. बाटली उलटी धरून डोळ्यापासून एक ते दोन सेंटिमीटर वर आणा. नजर वर, छताकडे. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर टेकवा. हलकं दाबा. एकच थेंब. नोझल पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागू देऊ नका. लागलंच तर पापणीवरचे जंतू बाटलीत गेले असं समजा. डोळे आलेले असताना असं झालं असेल तर ती बाटली फेकूनच द्या.

एकच थेंब का, हे आकड्यांतून पटतं. डोळ्यात एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. पापण्यांत जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावतं. बाटलीतून पडणारा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब पहिल्याला घेऊन गालावर उतरतो. पहिला नक्की आत पडला नाही असं वाटलं तरच दुसरा.

मिटणं. डोळे अलगद मिटा, दोन मिनिटं तसेच ठेवा. गच्च आवळू नका, फडफडवू नका. तसं केलं की पापण्या पंपासारखं औषध नाकाकडे ढकलतात. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने हलका दाब द्या. तिथून एक बारीक नळी नाकात उतरते, आणि त्याच वाटेने थेंबांची चव घशाला लागते. दाब दिला की औषध डोळ्यात टिकतं. ओघळलेलं स्वच्छ कापसाने टिपा, डोळा चोळू नका, नोझलही पुसू नका. झाकण लगेच घट्ट लावा.

ज्यांना डोळा उघडा ठेवून थेंब पाहवतच नाही अशा मुलांसाठी आणि वयस्कांसाठी दुसरी रीत आहे. उताणं झोपवा, डोळे मिटलेले असू द्या, पापण्या आधी पुसून घ्या. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या खळग्यात एक थेंब ठेवा आणि मग डोळा उघडायला सांगा. थेंब आपोआप आत उतरतो. नेम धरायचा प्रश्नच उरत नाही, आणि लहान मुलाशी झटापटही टळते.

लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स काढा, थेंब घाला, १५ मिनिटांनी पुन्हा लावा. लेन्सवरून घालायचे थेंब वेगळे असतात आणि तसं लेबलवर लिहिलेलं असतं. डोळ्यांची दुसरी औषधं चालू असतील तर दोन थेंबांमध्ये पाच ते दहा मिनिटांचं अंतर ठेवा. क्रम सोपा आहे: पातळ आधी, घट्ट नंतर, मलम शेवटी.

दिवसातून किती वेळा, आणि केव्हा

बहुतेक लोक डोळे भाजायला लागल्यावर बाटली शोधतात. तोवर बुबुळ खरचटलेलं असतं आणि थेंबाने दहा मिनिटांचा दिलासा मिळतो, एवढंच. थेंब कोरडेपणाच्या आधी घालायचे असतात. साडेनऊला कार्यालय असेल तर एक आत शिरण्यापूर्वी, दुसरा दुपारी जेवणाच्या सुट्टीत हात धुतल्यावर, तिसरा चारच्या सुमारास, चौथा रात्री. रात्रीच्या थेंबाऐवजी जेल घातलं तर पंख्याखाली झोपणाऱ्यांना सकाळी फरक जाणवतो. रेल्वेच्या लांब प्रवासात गाडी सुटताना एक आणि मग दर दोन-तीन तासांनी. त्या एका दिवसासाठी एकेरी कुप्या बऱ्या. हलत्या गाडीत नोझल डोळ्यात जाऊ शकतं, म्हणून गाडी स्थानकात उभी असताना घाला.

हे चार आठवडे नेमाने करा. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून दुसरी बाटली आणायची घाई नको. खरचटलेल्या पृष्ठभागाला भरून यायला वेळ लागतो. पहिले काही दिवस थेंब पडताना क्षणभर चुरचुरलं तर ते सुकलेल्या बुबुळामुळे असू शकतं. पण प्रत्येक वेळी, मिनिटांमागून मिनिटं आग होत असेल, पापण्या सुजत असतील, तर संरक्षक सोसत नाही असं धरा आणि संरक्षकविरहित थेंबांकडे वळा.

दिवसातून सहा-आठ वेळा थेंब घालूनही तासाभरात कोरडं पडत असेल, तर पुष्कळदा पाण्यापेक्षा तेल कमी पडत असतं. पापण्यांच्या काठावरच्या ग्रंथींची तोंडं घट्ट झालेल्या तेलाने बुजलेली असतात. नुसते थेंब इथे थिटे पडतात. धुतलेलं सुती फडकं हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात बुडवा, पिळा आणि मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. गार झालं की पुन्हा बुडवा. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने, हलकेच चोळा. सकाळ-संध्याकाळ, थेंब घालण्याच्या आधी. पापणीच्या आतल्या काठावर काजळ भरणाऱ्यांनी निदान या दिवसांत ते बंद ठेवावं, कारण ते नेमकं याच तोंडांवर बसतं.

बाटली ठेवायची कुठे

लेबलवर २५ किंवा ३० अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ते शक्य नाही. देवघराच्या खिडकीतही नको. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना, पट्ट्यांना बुरशी धरते, तशी ती झाकणाच्या आतल्या ओल्या कडेलाही धरू शकते. काळे ठिपके दिसले की बाटली बाद. फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण बर्फाच्या कप्प्यात नाही आणि मासळीच्या डब्याशेजारी तर मुळीच नाही. वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवा. गार थेंबाचा फायदा असा, की तो डोळ्यात पडला की बाहेर ते लगेच कळतं. आणि एक बाटली एकाच माणसाची. नवराबायकोनेही वाटून घेऊ नये.

खोलीतली हवा

एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर जगातले सगळे थेंब कमी पडतील. झडपा वर, छताकडे वळवा. जमत नसेल तर खुर्ची हलवा. तापमान २० वरून २६ वर आणा. कोकणात पावसाळ्यात अनेक जण एसीचा ड्राय मोड चालू ठेवतात. कपडे सुकवायला, भिंतींची बुरशी रोखायला तो चांगला, पण तुम्ही आत बसला असाल तेव्हा तो बंद. बाजारात स्वस्त आर्द्रतामापक मिळतो. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता असली की डोळ्यांना बरं. त्याखाली गेली तर अधूनमधून खिडकी उघडा. किनारपट्टीवर बाहेरचा ओलावा फुकट आहे, यंत्र विकत घ्यायची गरज क्वचितच पडते. आत ओलं फडकं किंवा पाण्याचं भांडं ठेवण्याने चालत्या एसीपुढे फारसा फरक पडत नाही.

संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवा. नजर खाली असली की पापणी अर्धी उतरते, डोळा कमी उघडा राहतो, कमी सुकतो. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे, म्हणजे खिडकीतून समोरच्या माडाकडे, २० सेकंद बघा आणि त्या वेळात दहा-बारा वेळा पापण्या पूर्ण मिटा, वरची खालच्याला टेकेपर्यंत.

डॉक्टरांकडे कधी

वाट न पाहता जायचं ते असं: डोळ्यात ठणका, उजेड सहन न होणं, नजर कमी होऊन पापण्या मिटूनही न सुधारणं, पिवळी-हिरवी चिपडं, डोळ्याला मार किंवा रसायन लागणं, बुबुळावर पांढरा ठिपका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला तर लेन्स काढून त्याच दिवशी. एकाच डोळ्याला त्रास असेल तर तो कोरडेपणा नसण्याची शक्यता जास्त. तोंडही सतत कोरडं पडतं, सांधे दुखतात, असं जोडीने असेल तर शरीराच्या आतल्या आजाराची तपासणी लागते.

चार आठवडे नीट थेंब घालूनही फरक नसेल तर नेत्रतज्ज्ञ. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथल्या सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. तिथे कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवतात. १० मिलिमीटरहून जास्त ओली झाली तर पाणी पुरेसं, ५ च्या खाली असेल तर फारच कमी. दुसऱ्या तपासणीत पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो कमकुवत. या तपासण्यांना दुखत नाही. त्यांवरून पाणी कमी की तेल, हे ठरतं आणि उपचार बदलतो.

जाण्याच्या दिवशी सकाळी थेंब घालू नका, नाहीतर पट्टीवर औषधाचंच पाणी मोजलं जाईल. काचबिंदूचे किंवा डॉक्टरांनी लावून दिलेले दुसरे थेंब मात्र चुकवू नका. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटंही.